ग्लास, फिलिप : ध्वनिमुद्रणे

ग्लास, फिलिप : (३१ जानेवारी १९३७– ). अमेरिकन संगीतरचनाकार. जन्म बॉल्टिमोर येथे. वडिलांचे ध्वनिमुद्रिकांचे दुकान असल्याने विविध प्रकारचे संगीत बालपणापासूनच त्याच्या कानांवर पडले. पॅरिसमध्ये नादिया बूलांझे हिच्याकडे शिकत असताना त्याने रविशंकर यांच्या चित्रपटसंगीताचे पाश्चात्त्य स्वरलेखन केले. भारतीय लयतत्त्वाच्या या परिचयातून त्याची आवर्तनप्रधान रचनाशैली घडत गेली.

त्याच्या रचना दीर्घ, तर तबकडीच्या एका बाजूस साधारणतः वीस-पंचवीस मिनिटांचेच संगीत मावे. त्यामुळे सुमारे पाच तासांची आइन्स्टाइन ऑन द बीच (१९७६) ही संगीतिका १९७९ मध्ये चार तबकड्यांवर संक्षेपानेच आली. १९९३ च्या नव्या ध्वनिमुद्रणात ती अधिक विस्ताराने आली. कोयानिस्कात्सी (१९८२) या चित्रपटाच्या १९८३ च्या ध्वनिमुद्रिकेत सुमारे ४६ मिनिटांचे संगीत होते. १९९८ च्या नव्या ध्वनिमुद्रणात ते सत्तर मिनिटांहून अधिक झाले. ग्लासवर्क्स (१९८२) या संग्रहाच्या ध्वनिफितीसाठी तर कर्णश्रवणीवर ऐकण्याच्या दृष्टीने वेगळे ध्वनिमिश्रण केले गेले. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतील लढ्यावरील, गीतेतील संस्कृत श्लोकांवर रचलेली सत्याग्रह (१९८०) ही संगीतिका १९८५ मध्ये ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने उपलब्ध झाली.

तात्पर्य, ही ध्वनिमुद्रणे म्हणजे प्रयोगांच्या केवळ प्रतिकृती नव्हेत. रंगभूमीपासून दूर असलेल्या श्रोत्याला मूळ रचनेचा किती अंश लाभावा, हे बऱ्याच अंशी त्या त्या काळातील साधनाच्या धारणशक्तीने ठरविले.