तडा पडण्याआधीचे वीस तास

हा रस्ता अजून कुठेच बांधलेला नाही. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनासाठी तयार झालेल्या 'हायपरपेव्ह'सारख्या प्रोग्रॅममध्ये सिमेंट, खडी, जाडी आणि हवामान भरलं, की काँक्रीट ओतल्यापासूनचे पहिले 72 तास तो पडद्यावर मांडतो. आपण विदर्भातला एप्रिल भरू. तापमानं वानगीदाखल.

सकाळी 10 : काँक्रीट अंथरणारा पेव्हर सरकतोय. पडद्यावर दोन रेषा, एक ताकदीची, एक ताणाची. दोन्ही शून्यावर.

दुपारी 12 : वारा सुटला. चौरस मीटरमागे तासाला किलोभर पाणी उडू लागलं, की वर बारीक चिरा पडायची भीती. पाणी अडवणारं क्युरिंग कंपाउंड फवारलं, जरा उशिराच.

दुपारी 3 : खरा घात इथे होतो, आणि नेमकं याच वेळी सगळं उत्तम चाललेलं दिसतं. सिमेंटची स्वतःची उष्णता आणि ऊन एकदम चढतात; स्लॅब घट्ट होतो तो 46 अंशांवर. आता इथून उतरणारा प्रत्येक अंश त्याला आखडवणार. शिवाय वरचा थर खालच्यापेक्षा तापलेला असताना तो घट्ट झालाय, त्यामुळे गार होताना कडा वर उचलू पाहणार. हे वाकणं वेस्टरगार्ड या अभियंत्याने 1920च्या दशकातच गणितात बसवलं होतं, पण त्याचा स्लॅब पक्का झालेला होता. इथे तर ताकद अजून यायचीय.

संध्याकाळी 6 : अवकाळीची सर. वरचा थर झपाट्याने गार. ताणाची रेषा मान वर काढते.

रात्री 9 : कटर चालवायची वेळ. घाई केली तर खडी उचकटते. उशीर केला तर फाटायची जागा काँक्रीट स्वतः ठरवतं. दर साडेचार मीटरला, जाडीच्या पाव ते एकतृतीयांश खोल काप घ्यायचा. आत्ता घेतला, तर आखडण्याला वाट मिळते. पण मी वेळ भरलीय सकाळी 7ची. 'उद्या उजाडल्यावर मारू' हे वाक्य कुठल्या साइटवर ऐकू येत नाही?

पहाटे 3 : स्लॅब 26 अंशांवर. मीटरमागे अंशाला साधारण 10 मायक्रॉन धरले, तर न कापलेल्या 60 मीटरला 12 मिलिमीटर आखडायचंय. स्लॅबखालचा थर त्याला घर्षणाने धरून ठेवतो. तोच ताण.

पहाटे 5.40 : रेषा भेटतात. तडा आरपार.

सकाळी 7 : कटरवाला येतो, खडूच्या खुणेवर पातं टेकवतो. तडा खुणेपासून दीड मीटर पलीकडे गेलाय, तोही तिरपा.