ऑडिटर कुमारप्पांचा हिशेब

अप्रेझल आलं की आपला एकच प्रश्न, "यंदा किती टक्के?" देशाचंही तेच. पण चक्रवाढीचं गणित करून बघा. दरसाल ७ टक्के म्हणजे १० वर्षांत दुप्पट, १०० वर्षांत साडेआठशे पटींहून जास्त. पृथ्वी मात्र तेवढीच!

म्हणून मला जे. सी. कुमारप्पा आठवतात. लंडनला शिकलेला हा ऑडिटर मुंबईतलं काम सोडून गांधीजींकडे गेला आणि १९३४ पासून वर्ध्याला ग्रामोद्योग संघ सांभाळू लागला. जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेलं त्यांचं 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' १९४५ साली आलं. त्यातली वाटणी सोपी आहे. कोळसा, पेट्रोल हा साठा, वापरला की संपला. शेती, जंगल हा प्रवाह, जपला तर दरवर्षी मिळणारा. साठ्यावर जगाल तर त्यासाठी युद्धंही कराल, हे त्यांनी तेव्हाच बजावलं.

जीडीपीत मात्र साठा उपसून विकला तरी ते उत्पन्नच. मुद्दल मोडून खाल्लं आणि कमाई म्हणून दाखवलं, तर कुठला ऑडिटर सही करेल?

वाढ थांबली तर गरिबांचं काय, हा प्रश्न खराच. त्यांचं ताट आधी भरलंच पाहिजे. पण ज्यांचं भरलंय, म्हणजे तुमचं-माझं, त्यांनी 'पुरे' कधी म्हणायचं?