परवाना नक्की कशाचा?

लालबाग-परळच्या जुन्या चाळी बांधणाऱ्या कंत्राटदारांकडे लायसन्स होतं का? प्रश्न सोपा वाटला आणि तिथेच अडकले. विज्ञानातून आलेय, त्यामुळे आधी व्याख्या बघायची सवय.

मुंबई महानगरपालिकेच्या १८८८च्या कायद्यात सर्व्हेअर आणि प्लंबर यांना परवाना देण्याची तरतूद आहे. इमारत उभारणाऱ्या कंत्राटदाराला नाही. पुढे १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्याने कंत्राटदाराला परवाना सक्तीचा केला, पण तो तेव्हा २० किंवा जास्त मजूर लावण्यासाठी होता. बांधकामाच्या कौशल्याशी त्याचा संबंध नव्हता. सार्वजनिक बांधकाम विभागाची वर्गवार नोंदणी आहे, तीही सरकारी कामांपुरती.

तेव्हा मित्रांनो, दप्तरात ‘परवानाधारक’ दिसलं की आधी विचारा: कशाचा? नाहीतर मजुरांच्या परवान्यावरून कुशल बांधकामाचा निष्कर्ष काढून बसाल.