शाळेच्या पटावर न मावलेली मुले

१/ सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला, तेरेखोल खाडीच्या काठी आरोंदा वसले आहे. पलीकडे गोव्याचा पेडणे तालुका. या पट्ट्यातील जत्रांत रात्रभर दशावतार रंगतो आणि त्यातील स्त्रीपात्रे परंपरेने पुरुषच साकारतात. त्या चालीला, त्या लाजण्याला सारा गाव दाद देतो. मात्र तशीच चाल असलेला मुलगा वर्गात दिसला, की त्याला ‘बायल्या’ हे नाव चिकटते. असे का?

२/ स्त्रीपात्र रंगवणारा नट समलिंगी किंवा पारलिंगी असतोच असे नव्हे. प्रश्न पाहणाऱ्यांच्या दोन मापांचा आहे. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ असे दशावताऱ्यांविषयी म्हणतात. समाजाची मान्यताही अशीच भूमिकेपुरती होती. ती माणसापर्यंत पोहोचली नाही.

३/ वसाहतकालीन कायद्याने हे अंतर वाढवले. १८६० च्या भारतीय दंडविधानातील कलम ३७७ ने समलिंगी संबंध गुन्हा ठरवले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात तर हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. नोंद झालेल्या व्यक्तीने स्त्रीवेशात रस्त्यावर नाचणे हा गुन्हा होता. सोळा वर्षांखालील मुलगा जवळ बाळगणे हाही गुन्हाच.

४/ मराठीत या मौनाला तडा दिला तो र. धों. कर्वे यांनी. १९२७ साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. वाचक लैंगिक शंका विचारत आणि कर्वे निःसंकोच उत्तरे देत. हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांवरील अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावरील लेखन केवळ विषयामुळे अश्लील ठरत नाही, ही त्यांची भूमिका होती. न्यायालयाने ती मानली नाही. कर्व्यांना दंड झाला.

५/ या खटल्याचे मर्म असे की, प्रश्न विचारणारे तेव्हाही होते. शिक्षा झाली ती उत्तर देणाऱ्याला. पुढे १९९० मध्ये मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ निघाले, १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ स्थापन झाला. शाळेचे दार मात्र बंदच राहिले. २००७ साली महाराष्ट्राने शाळांतील लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावरच बंदी घातली.

६/ न्यायालये पुढे सरकली. २०१४ च्या ‘नालसा’ निकालाने पारलिंगी व्यक्तींची ओळख मान्य केली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आले. २०१९ च्या कायद्यातील कलम १३ ने शासकीय अनुदानित व मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांवर पारलिंगी विद्यार्थ्यांना भेदभावाविना शिक्षण देण्याचे बंधन घातले. शिक्षकांना त्यासाठी तयार करणारी ‘एनसीईआरटी’ची पुस्तिका २०२१ मध्ये आली आणि आक्षेपानंतर काही दिवसांतच संकेतस्थळावरून उतरली.

७/ आणखी एक फट पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत लिंगओळख व लैंगिक कल यांवरून होणारा छळ समाविष्ट केला. पण तो नियम महाविद्यालयांपुरता आहे. २०१९ चा कायदा पारलिंगींपुरता आहे. म्हणजे आठवीतल्या समलिंगी मुलाचे किंवा मुलीचे नाव घेऊन संरक्षण देणारा नियम या दोन्हींत नाही. टोमण्यांचे वय नेमके हेच!

८/ म्हणून आज जबाबदारी मुख्याध्यापकांवर, वर्गशिक्षकांवर आणि आपल्यावर येते. वर्गात ‘बायल्या’ हा शब्द उच्चारला जाताच तो थांबवणे, तक्रार करणाऱ्या मुलाचे नाव गुप्त ठेवणे, पालकांना त्याच्या संमतीविना काही न सांगणे, आणि मुलाने धीर करून विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर देणे. यांपैकी एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही. १९३४ मध्ये उत्तर देणाऱ्याला दंड झाला होता. आज दंडाची भीती उरलेली नाही; उत्तर देणे तेवढे उरले आहे.