नामपट्टीविना यंत्र : जुन्या चेनसॉची ओळख आणि भौतिक साधनांचे मोल

प्रस्तावना :

इतिहासलेखनात लिखित साधनांना अग्रस्थान दिले जाते. तथापि ज्या वस्तूवर लेखच नाही तिचा काळ व कर्ता कसा ठरवावा, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला नवा नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी अक्षरविहीन आहत नाण्यांचा अभ्यास त्यांच्या वजनाच्या आधारे केला. विसाव्या शतकातील यंत्रांबाबतही असाच प्रश्न उभा राहतो. लाकूडतोडीसाठी वापरलेला चेनसॉ एक-दोन पिढ्यांनंतर संग्रहालयाच्या हाती येतो, तेव्हा पुष्कळदा त्याची नामपट्टी गळून पडलेली असते आणि रंग उडालेला असतो. अशा यंत्राची ओळख कोणत्या पुराव्यांवरून पटवावी व त्या ओळखीचे ऐतिहासिक मोल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रचनेतील बदल व कालक्रम :

जर्मनीत आंद्रेआस स्टिल यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारा चेनसॉ तयार केला. १९२७ मध्ये एमिल लेर्प यांनी थुरिंगियातील डोल्मार डोंगरावर पेट्रोलवरील चेनसॉची चाचणी घेतली आणि त्या डोंगराचेच नाव पुढे कंपनीला मिळाले. स्टिल यांचे १९२९ मधील पेट्रोलवरील यंत्र ४६ किलो वजनाचे होते व ते चालविण्यास दोन माणसे लागत. याउलट १९५९ मधील ‘कॉन्ट्रा’ हा एका माणसाने चालविण्याचा चेनसॉ सुमारे १२ किलोचा असून त्यात इंजिन व साखळी यांच्यामध्ये गिअर नव्हता. म्हणजेच वजन, मुठींची रचना व गिअर यांवरून यंत्राचा कालखंड स्थूलमानाने ठरविता येतो.

कार्ब्युरेटर हे दुसरे साधन होय. फ्लोट कार्ब्युरेटर असलेले इंजिन उभेच ठेवावे लागे. त्यामुळे उभे झाड कापताना केवळ पाते फिरविण्याची सोय केलेली असे. डायफ्राम कार्ब्युरेटर आल्यावर संपूर्ण यंत्र कोणत्याही कोनात धरता येऊ लागले. ज्या चेनसॉचे पाते स्वतंत्रपणे फिरते तो बहुधा या बदलापूर्वीच्या पिढीतील असतो.

पुराव्यांचे बलाबल :

येथे साधनचिकित्सेचा नियम लक्षात ठेवावा लागतो. जो भाग सहज बदलता येतो, त्याची साक्ष दुबळी मानावी. जोसेफ कॉक्स या अमेरिकी लाकूडतोड्याने लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून नव्या प्रकारची साखळी तयार केली आणि १९४७ मध्ये तिचे उत्पादन सुरू केले. परंतु अशी साखळी त्यापूर्वीच्या यंत्रावरही बसविलेली असू शकते. तिच्यावरून साखळीचा काळ कळतो, यंत्राचा नव्हे. रंगाचेही तसेच आहे. याउलट इंजिनाच्या ओतीव कवचावरील क्रमांक अधिक विश्वसनीय असतात. स्टिलच्या सुट्या भागांच्या क्रमांकांतील पहिले चार अंक मालिका दर्शवितात. उदाहरणार्थ, ११०६ ही ०७० व ०९० या मॉडेलांची मालिका आहे. अर्थात असा क्रमांक कुळ सांगतो. नेमके मॉडेल ठरविण्यास सिलिंडरचे मापही घ्यावे लागते.

नामपट्टी शाबूत असली तरी ती पूर्ण सत्य सांगतेच असे नाही. अमेरिकेतील सीअर्स या विक्रेत्या कंपनीने ‘क्राफ्ट्समन’ या नावाने विकलेले चेनसॉ इतर उत्पादकांनी बनविलेले होते. त्यांच्या मॉडेल क्रमांकाच्या आरंभीचा ३५८ हा संकेत पोलन या उत्पादकाकडे निर्देश करतो.

ओळखीचे ऐतिहासिक महत्त्व :

ही कालनिश्चिती केवळ संग्राहकांच्या हौसेची बाब नाही. यंत्राचा काळ ठरला की ते चालविणाऱ्या श्रमिकाची स्थितीही उलगडते. हादरे शोषून घेणाऱ्या मुठी १९६० च्या दशकाच्या मध्यापासून येऊ लागल्या. साखळी तत्काळ थांबविणारा चेन ब्रेक १९७० च्या दशकाच्या प्रारंभी आला. त्यापूर्वीच्या यंत्रांचे हादरे थेट कामगाराच्या हातांत उतरत व बोटे पांढरी पडून बधिर होत. फिनलंडमधील सुओमुस्साल्मी येथील वनकामगारांच्या पाहणीत या विकाराचे प्रमाण १९७२ मध्ये ४० टक्के होते, ते १९९० पर्यंत ५ टक्क्यांवर आले. यंत्रातील सुधारणा हे त्याचे एक प्रमुख कारण होते. त्यामुळे मुठीखाली रबराचे आधार आहेत की नाहीत, ही बारीकशी नोंद श्रमिकांच्या आरोग्याच्या इतिहासाचा पुरावा ठरते. शिवाय चेन ब्रेक नसलेले यंत्र न ओळखता पुन्हा चालविणे आजही धोक्याचे आहे.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, निनावी यंत्राची ओळख एकाच खुणेवरून न ठरविता अनेक खुणांच्या परस्पर पडताळणीतून ठरवावी लागते आणि बदलता येणाऱ्या भागांपेक्षा मूळ कवचाच्या साक्षीला अधिक वजन द्यावे लागते. उत्पादकाचे नाव पुसले गेले तरी यंत्र वापरणाऱ्या हातांचा इतिहास त्याच्या रचनेत शिल्लक राहतो. जुन्या यंत्रांची नोंद करताना संग्रहालयांनी नावाबरोबरच मुठी, ब्रेक व वजन यांचीही नोंद ठेवणे म्हणूनच अगत्याचे आहे.