थंडी, डिझेल आणि दोन जपानी अक्षरं

जानेवारीत आम्ही दोघं चिरंजीवांकडे विस्कॉन्सिनला होतो. बाहेर शून्याखाली 22 अंश. रात्रभर बर्फ पडलेलं, आणि सकाळी सहा वाजता चिरंजीव गराजमध्ये आपल्या सेकंडहँड छोट्या ट्रॅक्टरशी झटापट करत होते. ट्रॅक्टर काही सुरू होईना.

एरवी मी चहा घेऊन खिडकीपाशी बसलो असतो. पण त्या दिवशी गुरुवार होता. शेजारी एक म्हातारं जोडपं राहतं. त्यातल्या आजींना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं, आणि त्यांच्या घरापासून रस्त्यापर्यंतची लांबलचक वाट बर्फ पडलं की आमचा मुलगाच मोकळी करून देतो. साडेआठला त्यांना निघायचं होतं. तेव्हा कानटोपी चढवून मीही गराजमध्ये गेलो.

"बाबा, तुम्ही कशाला आलात? गारठाल," चिरंजीव म्हणाले. मी म्हटलं, इंजिनं तुझ्याआधी मी पाहिली आहेत!

तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. पानिपतची तारीख मुलांकडून घोकून घेतली, पण यंत्रांना काही इतिहास असतो हे एकदाही सांगितलं नाही. त्या सकाळपासून ते मनाला लागून राहिलं आहे, म्हणून हा लेख.

रुडॉल्फ डिझेल हा 1858 साली पॅरिसमध्ये जन्मलेला जर्मन. त्याची कल्पना अशी की इंजिनात ठिणगी नकोच. हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापेल, आणि त्या तापलेल्या हवेत तेल फवारलं की ते पेटेल. आजच्या छोट्या डिझेल इंजिनात हवा साधारण वीसपट दाबली जाते आणि तिचं तापमान 500 अंशांच्या वर जातं. 1897 साली जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे त्याच्या इंजिनाची यशस्वी चाचणी झाली. बिचारा स्वतः मात्र 1913 साली इंग्लंडला जाताना बोटीवरून नाहीसा झाला. असो.

या कल्पनेतच तिचं दुखणंही आहे. सगळा खेळ उष्णतेचा. थंडीत इंजिनाचं लोखंडच इतकं गार असतं की दाबलेल्या हवेची ऊब तेच पिऊन टाकतं. मग तेल पेटायचं कशानं? ट्रॅक्टरचा निम्मा इतिहास म्हणजे या प्रश्नाला माणसांनी दिलेली उत्तरं आहेत.

जर्मनीत 1921 साली 'लान्झ बुलडॉग' आला. त्याची जात डिझेलपेक्षा थोडी वेगळी. त्याच्या पुढच्या बाजूला लोखंडी डोकं असे. ते आधी ब्लोलँपनं चांगलं तापवायचं, मग स्टिअरिंगचं चाकच काढून फ्लायव्हीलमध्ये खुपसायचं आणि जोर लावून फिरवायचं. कधी कधी इंजिन उलटंच फिरू लागे! अमेरिकेत कॅटरपिलर कंपनीनं 1931 साली डिझेल ट्रॅक्टर काढला, त्यावर एक छोटं पेट्रोल इंजिन बसवलेलं. आधी ते सुरू करायचं, मग त्यानं मोठ्या भावाला उठवायचं. इंग्लंडचा 'फील्ड मार्शल' तर त्याहून मजेदार. सोऱ्यात भिजवलेला कागद पेटवून, धुमसता धुमसता इंजिनाच्या डोक्यात बसवायचा. हँडल मारून जमलं नाही तर बंदुकीसारखं काडतूस उडवायचं.

आपल्याकडे 1946 साली खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि पुढे विहिरीविहिरीवर डिझेल इंजिनं दिसू लागली. आमच्या वडिलांच्या मळ्यातही एक होतं. डोक्यावरची कळ उचलून धरायची, म्हणजे आत दाब होत नाही. मग हँडल मारायचं आणि फ्लायव्हीलला वेग आला की कळ सोडायची. पौष महिन्यात पहाटे ऐकलं नाही तर तेलात भिजवलेला बोळा पेटवून हवा आत जाते तिथे धरायचा. तत्त्व तेच, हवेला ऊब द्यायची. (नव्या ट्रॅक्टरवर हा प्रयोग कृपया करू नका!)

आता गराजकडे वळतो. चिरंजीवांनी रात्रीच बॅटरी चार्जरला लावली होती, ते शहाणपणाचं. एवढ्या थंडीत बॅटरीची ताकद जवळपास निम्म्यावर येते आणि नेमकं तेव्हाच ऑइल घट्ट झाल्यानं इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. त्यामुळे इंजिन फिरत होतं, पण पेटत नव्हतं. मी विचारलं, धूर कसला येतोय? धूर अजिबातच नव्हता. पांढरा धूर आला असता तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही, असं समजलो असतो. धूरच नाही म्हणजे डिझेल पोचतच नाही.

फिल्टरची काचेची वाटी पाहिली, तर आतलं डिझेल थिजल्या तुपासारखं गढूळ. टाकीत ऑक्टोबरात भरलेलं डिझेल तसंच होतं. डिझेलमध्ये मेण असतं, ते गारठ्यात गोठतं आणि फिल्टर तुंबतो. म्हणून या मुलखात हिवाळ्यात हलकं, रॉकेलच्या जातीचं तेल मिसळलेलं डिझेल विकतात. चिरंजीवांनी फिल्टर बदलला, जुनं डिझेल काढलं, नवं भरलं. तरी नन्नाचा पाढा. तेव्हा मला मळ्यातला शब्द आठवला. म्हटलं, अरे, एअर धरली असेल! नट ढिला करून, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू दिलं. पुन्हा किल्ली फिरवली. आता पांढरा धूर आला, पण ट्रॅक्टर काही पेटेना. साडेसात वाजून गेले होते.

इथे थोडा जपानचा इतिहास सांगायला हवा. यामाओका मागोकिची या शेतकरी घरातल्या माणसानं जर्मनीत डिझेल इंजिन पाहिलं आणि हे लहान करून शेतकऱ्याला द्यायचं असं ठरवलं. 1933 साली त्याच्या यानमार कंपनीनं ते करून दाखवलं. पुढे जपानच्या चिमुकल्या भातखाचरांसाठी छोटे ट्रॅक्टर आले. पण इंजिन जितकं लहान तितकी त्याची ऊब लवकर जाते, तान्ह्या बाळासारखं. म्हणून अशा इंजिनांत विजेवर तापणारी कांडी बसवतात. तिला ग्लो प्लग म्हणतात. तान्ह्याला पेटीत शेक द्यावा तसं हे.

जपानी शेतकऱ्यांनी वापरलेले असे ट्रॅक्टर पुढे अमेरिकेत येऊ लागले. कुबोटा कंपनीनं त्याला हरकत घेतली आणि 1999 साली तिथल्या अपील न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. एक महत्त्वाचं कारण असं, की या जुन्या ट्रॅक्टरांवरच्या सूचना आणि धोक्याचे इशारे जपानीत होते, इंग्रजीत नव्हते. शिवाय सुट्या भागांची आणि दुरुस्तीची सोय नव्हती. चिरंजीवांशी पूर्वी वाद घालताना मला हा कंपनीचा कावा वाटला होता. कोणी स्वस्तात घेतलं तर यांचं काय जातं?

आता आमचा ट्रॅक्टरही जपानी लेबलांचा, लिलावात घेतलेला. किल्लीच्या डाव्या बाजूला दोन अक्षरं होती. मुलानं उन्हाळ्यात किल्ली नेहमी उजवीकडेच फिरवलेली, ट्रॅक्टर लगेच सुरू व्हायचा, म्हणून डावीकडे कधी लक्षच गेलं नाही. नातवानं फोननं फोटो काढून भाषांतर केलं. "आजोबा, ह्याचा अर्थ आधी गरम करा!"

किल्ली डावीकडे धरली. डॅशबोर्डवर जाळीमागचं तारेचं वेटोळं हळूहळू लाल झालं. मग उजवीकडे. दोन ढेकरा देऊन ट्रॅक्टर धडधडू लागला. आठ वाजून पाच मिनिटं. वाट मोकळी झाली आणि आजी वेळेत गेल्या. जाताना त्यांनी गाडीच्या काचेतून हात केला.

न्यायालयाचं म्हणणं मला त्या सकाळी पटलं, हे कबूल करतो. वाचता न येणारी सूचना म्हणजे नसलेली सूचनाच. आपल्याकडे औषधांच्या आणि कीटकनाशकांच्या बारीक अक्षरातल्या लेबलांकडे पाहतानाही आता तेच आठवतं. पण त्याच जपानी माणसानं 1957 साली डिझेलच्या स्मरणार्थ आउग्सबुर्गला एक बाग भेट दिली, तीही माझ्या डोक्यातून जात नाही. शिकलेलं ऋण असं फेडावं.

किल्लीवर आता मी मराठीत चिकटपट्टी लावून आलो आहे: "आधी डावीकडे, वीसपर्यंत मोजा." तुमच्या मळ्यातल्या इंजिनांच्या आठवणी असतील तर जरूर कळवा.