भाकरी, पोळी आणि आपल्या घरची चूल



गतवर्षीच्या वार्षिक मेळाव्यात पंगतीस झुणका-भाकर असावी असा ठराव एकमताने संमत झाला. पीठ आले, चुली मांडल्या. परंतु भाकरी थापणारे हात शोधू जाता साऱ्या मंडपात अवघ्या तीन वृद्ध भगिनी निघाल्या, त्याही सत्तरीच्या पुढच्या. अखेर निम्म्या भाकऱ्या बाजारातून विकत आणाव्या लागल्या. ज्या समाजाची कित्येक पिढ्यांची गुजराण भाकरीवर झाली, त्याच्यावर ही वेळ यावी! म्हणून स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा आम्ही हाच विषय निवडला.

ज्वारी ही याच मातीत प्रथम उगवली असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. तिचे मूळ घर आफ्रिका खंडात, आजच्या सुदानाच्या बाजूस आहे. बाजरीही त्याच खंडातून आली. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून जे उत्खनन केले, त्यात तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे, चुली व कणग्यांच्या जागा सापडल्या. त्या लोकांचे मुख्य धान्य सातू हे होते. म्हणजे ज्वारी ही या देशी आलेली पाहुणी; पण ती अशी नांदली की घरची धनीण झाली. सोलापूर-नगरकडील काळ्या जमिनीत परतीच्या पावसाची ओल धरून, पुढे थंडीच्या बळावर ती उभी राहते. माणसास दाणा देते आणि जनावरांस कडबा. असे दुहेरी पोषण करणारे दुसरे पीक आमच्या कोरडवाहू मुलखास मिळाले नाही. गहू होता, पण तो सणावारापुरता. मुक्ताबाईंनी ज्ञानेश्वर महाराजांच्या पाठीवर मांडे भाजले ही कथा सर्वांस ठाऊक आहे. मांडा गव्हाचा असतो, आणि त्या भावंडांस मांडे खाण्याची इच्छा झाली, यावरूनच तो नित्याचा पदार्थ नव्हता हे उघड होते.

आता भाकरी थापण्याच्या विद्येविषयी थोडे सांगतो. होय, आम्ही तिला विद्याच म्हणतो. गव्हाच्या पिठास पाणी लागताच एक चिवट अंश तयार होतो. त्यामुळे कणीक ताणली जाते व लाटता येते. ज्वारीच्या पिठात तो अंश नाही. तेव्हा ते जुळून यावे कसे? आमच्या मातोश्री काठवटीत पीठ घेऊन त्यात आधणाचे पाणी घालीत. कढत पाण्याने पिठातील सत्त्व फुगते आणि तेच चिकटपणाचे काम करते. मग तळहाताच्या मुळाने ते इतके मळावयाचे की गोळ्याच्या कडेस भेग राहू नये. त्यानंतर कोरड्या पिठावर थापणे, आणि थापता थापता भाकरी आपोआप फिरत जाणे. ही फिरकी शब्दांनी शिकविता येत नाही. तव्यावर टाकताच वरच्या अंगास पाण्याचा हात फिरवावा लागतो, नाही तर पृष्ठभाग सुकून तडकतो. ते पाणी आटत आले की उलटावयाची, आणि शेवटी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याच्या आचेवर उभी करावयाची. आतील वाफेने पापुद्रा सुटून ती टम्म फुगते. पीठ मात्र ताजे हवे. जुन्या पिठाची विरी जाते. मग कितीही कढत पाणी घाला, कडा तुटावयाच्या त्या तुटतातच. पहाटेच्या जात्याचे कारण हेच होते. गिरणी आली आणि बायकांचे मोठेच कष्ट वाचले, याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु गिरणीबरोबर आठ-आठ दिवसांचे दळण एकदम आणण्याची सवय आली, आणि तेथूनच पुष्कळ घरांतील भाकरी बिघडू लागली.

१९७२ चा दुष्काळ आम्ही बारा वर्षांचे असताना पाहिला. मातोश्री खडी फोडण्याच्या कामावर जात. कामावर सुकडी मिळे, आणि रेशनच्या दुकानात परदेशचा लाल मिलो. तोही ज्वारीच्याच जातीचा. पण त्याची भाकरी तांबूस व निबर होई. मातोश्रींसारख्या हातखंडा बाईची भाकरी तव्यावर तुटताना आम्ही तेव्हा प्रथम पाहिली. ती मोडकी भाकरी त्यांनी आमच्या ताटात वाढली आणि तोंड फिरविले.

इकडे १९६६ साली मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचे अठरा हजार टन बियाणे देशात आले होते. उत्तरेत गहू अमाप पिकू लागला, तो पुढे रेशनवर आला. आमच्याकडे १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले आणि कालव्याखाली ऊस व गहू दोन्ही आले. पोळी रोजची झाली ती अशी, अवघ्या दोन पिढ्यांत. पण तिच्यासोबत प्रतिष्ठाही आली. तालुक्याच्या हायस्कुलात आमच्या वेळी पोळीचे डबे एका बाजूस बसत व भाकरीचे दुसऱ्या. आम्ही डब्याचे झाकण आडवे धरून जेवत असू. एकदा घरी जाऊन, ‘आई, भाकरी बांधून देऊ नकोस,’ असे सांगितले. त्या माउलीने दोन पायली ज्वारी देऊन वाण्याकडून पायलीभर गहू आणला. पुढे शिक्षकी पेशात पस्तीस वर्षे मुलांना स्वाभिमानाचे धडे देताना तो पायलीचा हिशेब आम्हांस नेहमी आठवे. आमच्यासारखी पुष्कळ मुले शिकली, नोकरीस लागली, आणि शहरातील घरांत पोळपाट-लाटणे राहिले, काठवट गेली.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केले. ज्या भाकरीस आम्ही लाजलो, ती आता मोठ्या हॉटेलांत मानाने वाढली जाते. त्याचा आनंद आहेच. मात्र ती तेथे कोणाच्या हाताने होते आणि आपल्या घरी का होत नाही, हा प्रश्न उरतोच.

मेळाव्यानंतर आम्ही त्या तिघी भगिनींच्या घरी जाऊन, यंदा मंडपात मुलामुलींस शिकवावे अशी विनंती केली. मुलांसही, हे आम्ही मुद्दाम म्हटले. तेव्हा त्या तोंडास पदर लावून हसल्या. दोघींनी तत्काळ होकार दिला. तिसऱ्या आजींनी अट घातली की गॅस चालणार नाही, चूल हवी, आणि पीठ त्याच सकाळी दळून आणावे. चुलीची व्यवस्था झाली आहे. दळण आणण्याचे काम आम्ही स्वतःकडे घेतले आहे.